हॉलमधली रडणारी बाई

नवरा सागवानी कपाट आणायला म्हणून देवळाली कॅम्पला गेला आणि एक रडणारी बाई घेऊन परत आला. (तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते; लिहिताना तेवढी सवलत घेते आहे.) देवळालीतला एक जुना बंगला पाडून तिथे टॉवर होणार होता. बंगल्याच्या वयस्कर मालकीणबाई भाचीकडे राहायला निघाल्या होत्या आणि घरातलं सामान विकायला काढलं होतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या नवऱ्याला जुन्या वस्तूंची 'दृष्टी' आली आहे. बँकेत असताना त्याला समोर उभा असलेला ग्राहकही दिसायचा नाही, तो भाग वेगळा. कपाट आधीच कोणीतरी उचललं होतं. पण रिकाम्या हातांनी परत येणं हा त्या दृष्टीचा अपमान झाला असता, म्हणून त्याने भिंतीवरचं तैलचित्र उतरवून घेतलं.

चित्र लिफ्टमध्ये मावेना. नवरा आणि वॉचमन ते जिन्याने वर आणत होते आणि प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी दार उघडून विचारत होतं, "काय आणलं?"

"बरोक," नवरा धापा टाकत सांगायचा.

एका शेजारणीला तो आजारीच वाटला. तिने धावत जाऊन पाणी आणून दिलं.

हॉलमध्ये सोफ्याला टेकवल्यावर बाई नीट दिसली. मागे सगळा तपकिरी अंधार. त्यातून उजेडात आलेली एक तरुण स्त्री, केस मोकळे, खांद्यावरून घसरलेलं वस्त्र, डोळे वर लावलेले आणि गालावर एक जाडजूड अश्रू. एक हात छातीवर, दुसरा माणसाच्या कवटीवर. शेजारी झाकणाची बरणी. ही बायबलातली, येशूच्या मागे गेलेली आणि पुढे आपल्या आधीच्या आयुष्याबद्दल पश्चात्ताप करत बसलेली संत स्त्री. तीनचारशे वर्षांपूर्वी, म्हणजे या बरोक शैलीच्या काळात, युरोपातल्या चित्रकारांना ती इतकी आवडायची की जो उठेल तो तिला रडवत बसायचा. ही माहिती नवऱ्याने येताना टेम्पोत फोनवर वाचली होती आणि जन्मापासून ठाऊक असल्यासारखी तो ती आम्हाला सांगत होता.

सासूबाई त्यांच्या खोलीतून काठी टेकत आल्या. पंच्याऐंशीच्या घरातल्या, माहेर पंचवटीतलं, भिक्षुकांचं. चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि तपासणी सुरू झाली.

"केस का नाही बांधलेत हिने?"

"आई, ती पश्चात्ताप करते आहे."

"तो केस बांधून करता येत नाही?" मग काठीचं टोक कवटीकडे वळलं. "आणि हे काय?"

"कवटी. आयुष्य क्षणभंगुर आहे, हे सुचवायला ठेवतात."

"ते सुचवायला घरात मी आहे की."

सासूबाईंनी आणखी जरा निरखून पाहिलं. "बरणी तेवढी बरी आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

खरं तर त्यांचा आक्षेप केसांनाही नव्हता आणि कवटीलाही नव्हता. रडण्याला होता. त्यांच्या माहेरी कोणी रडत नसे आणि सासरी त्यांनी कोणाला रडू दिलं नाही. सासरे गेले तेव्हा भेटायला येणाऱ्यांना त्याच "चहा घ्या, लांबून आलात" म्हणून धीर देत होत्या. मी या घरात नवीन असताना एकदा स्वयंपाकघरात डोळे पुसताना त्यांना दिसले. त्यांनी विचारलं, "कांदा का?" मी "हो" म्हटलं. त्या दिवशी चतुर्थी होती, घरात कांदा चिरायचाच नव्हता, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं रडणं कांद्याच्या नावावर आहे.

चित्र कुठे लावायचं, यावर मत द्यायला खालच्या मजल्यावरचे वास्तुतज्ज्ञ आले. ते निवृत्त इंजिनिअर असून वास्तुशास्त्र फावल्या वेळात करतात, आणि आता सगळाच वेळ फावला आहे. होकायंत्र घेऊन हॉलभर फिरले. "ईशान्येला पाणी चालतं," ते गंभीरपणे म्हणाले, "पण अश्रू चालतात का, ते बघावं लागेल." बहुधा चालत नसावेत, कारण शेवटी त्यांनी नैऋत्येची भिंत दिली, खाली मिठाची वाटी ठेवण्याच्या अटीवर. नैऋत्येला टीव्ही होता. टीव्ही हलला. सासूबाईंची खुर्ची मात्र हलणार नव्हती, कारण तिथे बाल्कनीतलं ऊन त्यांच्या पायांवर येतं. म्हणून त्या दिवसापासून मालिकेच्या जागी त्यांच्यासमोर ही बाई आली.

"तेच आहे," दोन दिवसांनी सासूबाई म्हणाल्या. "फक्त हिला जाहिराती नाहीत."

रोज दुपारी जेवणं उरकली की वणीहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन यायचा. मावशींचं सासर वणीचं, त्यामुळे देवीच्या यात्रेला जाणारे निम्मे नातेवाईक त्यांच्याकडे जेवून पुढे जायचे. दोघींनाही कमी ऐकू यायचं. सासूबाईंचा फोन कायम स्पीकरवर, म्हणून बहिणी-बहिणींचं हे खासगी बोलणं आमच्या सगळ्या मजल्याला मिळायचं.

"अगं, याने घरात एक बाई आणली आहे!" सासूबाई ओरडल्या.

पलीकडून मावशी म्हणाल्या, "कोणी? तुझ्या लेकाने? या वयात?"

"चित्रातली!"

"अगंबाई," मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती, असं मला अजूनही वाटतं.

त्यानंतर गवारीचे भाव, गुडघे आणि जावा या रोजच्या विषयांत बाईची भर पडली. "थांबली का गं तुझी बाई?" मावशी रोज विचारायच्या.

"कसली थांबते! तश्शीच आहे."

"नवऱ्याने टाकली असेल."

"देवासाठी रडते आहे म्हणे."

"देवासाठी कोण एवढं रडतं? दुसरंच काही असेल. तू विचार तिला." मग दोघी खूप हसायच्या. मावशींच्या साध्या बटणांच्या फोनवर फोटो जात नव्हता, म्हणून सासूबाई त्यांना बाईचं वर्णन करून सांगायच्या, एकेका दिवशी थोडं थोडं. बरणीवर तर एक आख्खी दुपार गेली. आत लोणचं असावं की तेल, हे ठरलं नाही. "चैत्रातली यात्रा उरकली की येते मी बघायला," मावशींनी सांगून टाकलं.

इकडे नवऱ्याला वेगळीच स्वप्नं पडू लागली होती. हे चित्र कोणा मोठ्या चित्रकाराचं अस्सल, मूळ चित्रच असणार, देवळालीच्या बंगल्यात चुकून येऊन पडलेलं, आणि ते ओळखण्याचं भाग्य आपल्याला लाभलं, असं त्याला वाटायला लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो चित्रापासून दोन हात लांब उभं करायचा आणि आवाज खाली आणून बोलायचा. शेवटी ओळखीतून मुंबईच्या एका चित्रतज्ज्ञ बाई मिळाल्या. जुनी चित्रं दुरुस्त करणं हा त्यांचा व्यवसाय, आणि नाशिकला त्यांचं काही काम होतंच. कुंभमेळ्यासाठी शहरातले सगळे रस्ते एकदमच उकरून ठेवलेले असल्याने दुपारी यायच्या त्या दिवेलागणीला आल्या. नवऱ्याने नवा कुर्ता घातला होता.

त्यांनी चित्र उतरवून घेतलं, उलटं केलं, मागची लाकडी चौकट पाहिली, भिंगातून रंगाच्या भेगा पाहिल्या. पुढची बाजू त्यांनी फार पाहिली नाही, याचं नवऱ्याला वाईट वाटलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "जुनं आहे, शंभर-सव्वाशे वर्षांचं तरी असेल. पण कॉपी आहे."

"म्हणजे... कॉपी?"

"हो. तेव्हा इटलीत जाणारे प्रवासी अशा कॉप्या विकत घेत. संग्रहालयात मूळ चित्रासमोर बसून हे काम करणारे चित्रकार असायचे. याचा हात चांगला आहे. वरचं व्हार्निश पिवळं पडलंय, ते साफ केलं तर चेहरा उजळेल."

नवऱ्याचा चेहरा मात्र कशानेही उजळण्यासारखा राहिला नव्हता. खुर्चीतून सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे अशीच दुसरी आणखी कुठे आहे?"

"आजी, मूळ तिकडे युरोपात. आणि अशा कॉप्या तर खूप असतील, ठिकठिकाणी."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "मग त्या सगळ्या आत्ता रडतायत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीच्या फोनवर हीच मुख्य बातमी होती. मावशींना ती फार आवडली. "बघ, म्हणजे एकटी नाही ती," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

चैत्रातली यात्रा उरकली. मावशी येणार म्हणून सासूबाईंनी मला पुरण घालायला सांगून ठेवलं होतं. त्या आठवड्यात एका सकाळी फोन आला, पण मावशींच्या मुलाचा. मावशी झोपेतच गेल्या होत्या.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. फोन खाली ठेवला आणि मला विचारलं, "कुकरच्या शिट्ट्या झाल्या का?"

आम्ही त्यांना वणीला घेऊन गेलो. तिथे त्या ओसरीवर ताठ बसून राहिल्या, भाच्यांना वेळेवर जेवायला बसवलं, मावशींच्या रडणाऱ्या सुनेला "पुरे आता" म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. काय घट्ट बाई आहे, म्हणाले. परतताना गाडीत नवराही अभिमानाने तेच म्हणाला, आणि आई खंबीर आहे या समाधानात तो दिंडोरीपर्यंत झोपला.

कॉपी ठरल्यापासून नवऱ्याचं चित्रावरचं प्रेम आटलं होतं. आता तो तिच्याकडे, खोटं बोलून नोकरी मिळवलेल्या माणसाकडे पाहावं तसा पाहायचा. अशा वेळी विंचूरकडचा एक वाइन बनवणारा तरुण उद्योजक घरी आला. बँकेतल्या दिवसांपासूनची ओळख, घरची द्राक्षबाग, बोलणं मात्र थेट परदेशातून आल्यासारखं.

"सर, आमच्या वाइन टेस्टिंग रूमला हीच पाहिजे! एकदम युरोपियन फील येईल."

"पण ती पश्चात्ताप करते आहे," नवऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

"आमच्याकडचे लोक दुसऱ्या दिवशी सकाळी तेच करतात, सर."

चित्राखाली पितळी पाटी लागेल आणि तिच्यावर 'सौजन्य' म्हणून नवऱ्याचं नाव कोरलं जाईल, असं ठरलं. बँकेत इतकी वर्षं काढून त्याचं नाव कुठेही कोरलं गेलं नव्हतं. एका चहात सौदा पक्का झाला. सासूबाई तेव्हा आत झोपल्या होत्या. त्यांना संध्याकाळी सांगितलं, तर त्या "हं" म्हणाल्या. त्यांना नीट ऐकू गेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. परीक्षांचे दिवस होते, त्या दिवशी माझं काम लवकर संपलं आणि मी दुपारीच घरी आले. नवरा बाहेर गेला होता. किल्लीने दार उघडलं तर आतून सासूबाईंचा आवाज, नेहमीचा, फोनवरचा, मोठा.

"जेवलीस का? माझं झालं. गवार होती. जून होती. सून म्हणाली कोवळी आहे, मी म्हटलं असेल बाई, मी काही बोलले नाही." (बोलल्या होत्या. पुष्कळ.) "पाय दुखतो आहे. आज उजवा. काल डावा होता."

मला वाटलं, कोणाचा फोन आला असेल. पण फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला दिसत होता. सासूबाई खुर्चीत बसून चित्राकडे पाहत होत्या.

"तुझं बरं आहे," त्या बाईला म्हणाल्या. "तुला वेळच वेळ. रड तू. मला मेलं असं बसून रडता येत नाही. जरा डोळे भरले की कोणीतरी चहा विचारायला येतं."

मी त्याच वेळी 'आई, चहा टाकू का' असं विचारायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं, पाऊल न वाजवता बाहेर आले, दार ओढून घेतलं, जिन्यात थोडा वेळ उभी राहिले आणि मग बेल वाजवली.

"कोण आहे?" आतून करारी आवाज आला.

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, राहू द्या ना ते चित्र इथेच."

"पाटी तयार झाली आहे," तो म्हणाला.

टेम्पो आला तो नेमका दुपारी. उद्योजक स्वतः आला होता, सोबत टेम्पोवाला, गोणपाट आणि दोऱ्या. सासूबाई जेवून नुकत्याच खुर्चीत येऊन बसल्या होत्या. दोघांनी मिळून चित्र भिंतीवरून काढलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "हिला कुठे नेताय?"

"आई, सांगितलं होतं ना तुला? विंचूरला."

"आत्ता?"

"हो. का?"

"दुपारची वेळ आहे," सासूबाई म्हणाल्या.

कोणाला काही कळलं नाही. टेम्पोवाल्याने बाईच्या तोंडावर गोणपाट घातलं, आणि त्यासरशी सासूबाई रडायला लागल्या. चित्रातल्या बाईसारखं सुबक नाही, गालावर एक थेंब वगैरे नाही. नाक वाहत होतं, कवळी हलत होती, आवाज असा येत होता की शेजारची दारं उघडली. "ती बघायला येणार होती," त्या म्हणत होत्या. "चैत्र झाला की येते म्हणाली होती. मी तिला सगळं सांगितलं होतं हिचं. ती यायची होती गं."

टेम्पोवाला घाबरला. त्याला वाटलं, आजींना चित्राची काळजी आहे. "आजी, रडू नका, लय जपून नेतो. कायबी नाय होत तिला."

उद्योजक पुढे झाला. "आजी, मी तुम्हाला याच्याहून भारी चित्र आणून देतो. हसणारी बाई आणतो."

"हसणारी घेऊन मी काय करू?" सासूबाई रडता रडता म्हणाल्या.

माझा नवरा बासष्ट वर्षांचा आहे. आईला रडताना त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. अशा वेळी काय करतात हे त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं, आणि ज्यांनी शिकवायचं त्याच समोर रडत होत्या. तो आधी पंखा मोठा करायला गेला. मग खिडकी उघडली. मग आईच्या खुर्चीजवळ खाली फरशीवर बसला आणि तिचं पाऊल धरून राहिला. बऱ्याच वेळाने टेम्पोवाल्याला म्हणाला, "ते परत लावा."

"साहेब, खिळा निघाला भिंतीतनं."

"मग टेकवून ठेवा. मी ठोकतो."

मी चहा टाकायला आत गेले, कारण आमच्या घरात अशा वेळी तेच करतात. ओट्यापाशी उभी राहून मीही रडून घेतलं. कांदे टोपलीत होते. एकालाही हात लावला नाही.

उद्योजकाचं मी कौतुकच करते. तो रागावला नाही. चहा पिऊन झाल्यावर सासूबाईंच्या पाया पडला आणि आपल्या आजीबद्दल काहीतरी पुटपुटत निघून गेला. पाटी मात्र त्याने वाया जाऊ दिली नाही. ती आता त्यांच्याकडे एका परदेशी किल्ल्याच्या छापील फोटोखाली आहे. नवरा ती पाहून आला. छान कोरली आहे, म्हणाला.

सासूबाईंनी चित्र हॉलमधून हलवून आपल्या खोलीत लावून घेतलं. वास्तुतज्ज्ञांना विचारलं नाही. मुंबईच्या बाईंकडून ते साफ करून घ्यावं, असा विषय नवऱ्याने एकदा काढला, तर "तिचं तोंड कोणी पुसायचं नाही" एवढंच उत्तर मिळालं.

आणि मग माझी नणंद पुण्याहून आली. नणंदेचं नेहमी मस्त चाललेलं असतं. फोन केला की "आमचं एकदम मस्त", भेटली की "आमचं काय, मस्तच". यजमान कधीच सोबत नसतात, ते कामात मस्त असतात. या वेळी ती दुपारी आईच्या खोलीत गप्पा मारायला म्हणून गेली आणि दार लोटून घेतलं ते चहाच्या वेळेपर्यंत उघडलं नाही. बाहेर आली तेव्हा डोळे सुजून लाल झाले होते.

"चित्र छान आहे," ती मला म्हणाली.

रात्री जेवताना सासूबाईंनी ताटावरूनच जाहीर केलं, "ही आता इथेच राहणार आहे. तिकडे तिचं काही खरं नाही. बऱ्याच दिवसांपासून नाही. हिने सांगितलं नाही आणि आपण विचारलं नाही."

नवरा घास हातात धरून बहिणीकडे पाहत राहिला. "तू मला का नाही बोललीस?" त्याने विचारलं.

"काय बोलू? तू लगेच म्हणाला असतास, आई किती खंबीर आहे बघ." मग ती माझ्याकडे वळली. "आज आई आधी रडली, मावशीसाठी. मग मला जमलं."

नवऱ्याने न मागता बहिणीला भात वाढला. आमच्या संसारात त्याने कोणाला वाढल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे सगळा भात तिच्या ताटाबाहेर गेला.

नणंद इथेच राहिली. कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये ती आता जर्मन शिकवते आणि विद्यार्थ्यांवर खूप ओरडते, त्याने तिची तब्येत सुधारली आहे. तिच्या यजमानांचे आधी रागाचे फोन आले, मग समजुतीचे, आता वकिलांमार्फत जे काय ते चालू आहे. त्याबद्दल विचारलं की ती "वाईट चाललंय" असं स्पष्ट सांगते आणि जेवते नीट. झोपते आईच्या खोलीत, दुसऱ्या कॉटवर.

दोघींचं अजिबात पटत नाही. परवाच सासूबाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. "ती पंखा पाचवर ठेवते. माझे गुडघे गारठतात. आणि फोनवर त्या जर्मनांचं काहीतरी ऐकत बसते."

"मग त्यांना हॉलमध्ये झोपवू का?" मी विचारलं.

"नको. हॉलमध्ये टीव्ही आहे, ती बघत बसेल. झोप होत नाही तिची." असं म्हणून त्या काठी टेकत बाल्कनीत गेल्या आणि लेकीचे वाळत घातलेले कपडे काढायला लागल्या. आभाळ भरून आलं होतं, आणि पोरीला, म्हणजे आमच्या पंचावन्न वर्षांच्या पोरीला, एवढंही कळत नाही, असं त्यांचं बाल्कनीतून सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं चाललं होतं.